मोडले ते टाकावे की नीट करावे?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार शब्द लिहावेत, असा आग्रह आमच्या चिटणीस ताईंनी धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की मला गोंडराजांचा परकोट आणि जटपुरा दरवाजा एवढेच आठवते. पण गेल्या सभेत मंडळाच्या शिवणयंत्रावरून जो वाद झाला तो पुष्कळ भगिनींच्या लक्षात असेल. जुने यंत्र मोडीत द्यावे आणि विजेवर चालणारे नवे आणावे, असे निम्म्या जणींचे म्हणणे पडले. मी त्या वेळी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण असाच एक निर्णय घाईने घेऊन मी एकदा पस्तावले आहे. तो प्रकार पुढे सांगतेच. परंतु आपल्या आज्यांच्या काळी हा प्रश्न कसा सुटत असे, इथून आरंभ करते.

माझे माहेर आलापल्लीचे. ते गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी सारा मुलूख चांद्याचाच होता. आमची म्हातारी माणसे शेवटपर्यंत ‘चांद्याला जाऊन येतो’ असेच म्हणत. आजीच्या घरातल्या वस्तू मोजक्या: पितळेचे गुंड, तांब्याचा हंडा, परात, पाटा-वरवंटा, जाते, विळा, कुऱ्हाड, बुरडाकडच्या सुपल्या आणि टोपल्या. यांतले काही मोडले तर टाकायचे ही कल्पनाच नव्हती. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला येई. अंगणात खड्डा करून भाता लावी आणि तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा हात असा फिरवी, की आम्ही पोरे डोळे विस्फारून बघत राहू. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक-आमटी कळकते, म्हणून हा खर्च चुकवून चालत नसे. घिसाडी बिऱ्हाड घेऊन आले की विळे-कुऱ्हाडी पाजवून निघत. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणाऱ्या बाया दारावरून ओरडत जात. वस्तू जिथे मोडे तिथेच, तुमच्या डोळ्यांदेखत, नीट होई.

आणि नीट होण्यापलीकडे गेलेले भांडे? त्यालाही वाट होती. फुटका गुंड कासाराकडे न्यायचा. तो तराजूत घालून मोडीचा भाव करी, थोडी घट धरी, वर घडणावळ घेई आणि नवा गुंड देई. म्हणजे जुने देऊन नवे घेणे ही काही आजच्या दुकानदारांनी काढलेली युक्ती नव्हे. फरक एवढाच की पितळ फुटले तरी पितळच राहते. आजीच्या सासूचा गुंड तीनदा वितळून चौथ्यांदा गुंडच झाला असेल, कोण जाणे! आज प्लास्टिकचा मिक्सर फुटला तर भंगारवाला आतल्या तांब्याचे तेवढे पैसे देतो, आणि बाकीचे घरमालकिणीने फुकट नेऊ दिले म्हणून तिचेच आभार मानतो. मला विचाराल तर साऱ्या घोटाळ्याचे मूळ इथे आहे. मोडक्या वस्तूची किंमत गेली, तशी ती उघडून पाहणाऱ्याची गरजही गेली.

घरात पहिले यंत्र आले ते बहुधा शिवणाचे. परदेशात सिंगरचे यंत्र १८५१ सालचे, आणि १८५६ पासून ती कंपनी ते हप्त्याने विकू लागली. बायकांच्या संसारात हप्ता शिरला तो असा, शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय ठेवून! आपल्या देशात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० नंतरच्या वर्षांत ‘उषा’ यंत्र काढले आणि ते खेडोपाडी पोचले. माझ्या आईचे यंत्र तेच. वडील लाकडाच्या डेपोत कामाला, पगार बेताचा. चौघा मुलांचे कपडे आणि शेजारणींची पोलकी आईने त्यावर शिवली. ते यंत्र कधी बिघडले नाही असे नव्हे. पट्टा तुटे, सुई मोडे, दोरा खाली गोळा होई. पण प्रत्येक स्क्रू डोळ्यांना दिसे, पेचकसाला सापडे, आणि बॉबिन, शटल, पट्टा हे सुटे भाग आठवडी बाजारातही मिळत. आई स्वतः तेल घाली. तिला अक्षर येत नव्हते, यंत्र येत होते.

रेडिओची गोष्ट निराळी. वडिलांनी १९७० नंतर कधीतरी ट्रान्झिस्टर घेतला. पोस्टात दरवर्षी पैसे भरून त्याचा परवाना घ्यावा लागे, ते पुस्तक त्यांच्या ट्रंकेत अजून आहे. नागपूर आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला ओसरीवर शेजारपाजार जमे. हा रेडिओ बिघडला की आलापल्लीत कोणी नीट करणारा नव्हता. मग तो जुन्या धोतरात गुंडाळून एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायचा. आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करीत तो चांद्याला पोची, आणि आठ-पंधरा दिवसांनी तशाच धोतरातून परत येई. शंभराहून अधिक किलोमीटर जाऊन-येऊन दुरुस्त होणारा रेडिओ! आज तेवढ्या अंतरावर कोणी टोस्टर तरी पाठवील का?

रेडिओ नीट करणे सोपे की अवघड, हे त्याच्या पोटात काय आहे यावर ठरते. हे मला आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकाजींनी समजावून दिले. फार जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. विजेच्या दिव्यासारखेच ते जळत, आणि दिव्यासारखेच उपटून नवे बसवता येत. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मधला आणि त्यावर चालणारा रेडिओ बाजारात आला १९५४ मध्ये, अमेरिकेत. तो हलका, बॅटरीवर चालणारा, म्हणून वीज नसलेल्या आमच्या जंगलाला वरदान ठरला. परंतु त्याचे भाग उपटून निघत नाहीत, डाग देऊन जोडलेले असतात. म्हणजे डाग देणारा माणूस हवा. काकाजींच्या दुकानात बंद पडलेल्या रेडिओंची एक पेटीच होती. एकातले काढून दुसऱ्यात घालीत. पुढे एका नखाएवढ्या चिपमध्ये शेकडो, हजारो ट्रान्झिस्टर मावू लागले. आता त्यातला एक गेला की सारी चिप गेली, आणि पुष्कळदा तिच्यासकट सारी पाटीच बदलायची. काकाजी म्हणाले, “पूर्वी आम्ही वैद्य होतो, ताई. आता आम्ही नुसते हमाल. जुनी पाटी काढायची, नवी ठेवायची.” त्यांचा मुलगा मोबाईलचे काच-कव्हर विकतो.

आता मिक्सरची हकिकत. ती मला फार आवडते, कारण ती एका मोडलेल्या वस्तूपासूनच सुरू होते. मुंबईला सीमेन्स कंपनीत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंकडे ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. तो तिकडच्या स्वयंपाकासाठी केलेला. आपली डाळ आणि खडा मसाला वाटता वाटता बंद पडला. दुरुस्तीला न्यावा तर इकडे सोयच नव्हती. नवा आणला असता तर तोही तसाच मोडला असता. तेव्हा माथुरांनी आपल्या वाटणाला झेपेल अशा दमदार मोटरीचा मिक्सर स्वतःच घडवला, आणि १९६३ पासून ‘सुमीत’ या नावाने तो विकला जाऊ लागला. पुढे कित्येक वर्षे मिक्सर म्हणजे सुमीत असेच बायका म्हणत. मला यातून असे दिसते की माधुरीबाईंचा मिक्सर जिथल्या तिथे दुरुस्त झाला असता, तर पुढचे काही घडलेच नसते. दुरुस्तीचीच बाजू घेऊन बसले आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मिक्सरच्या तळाशी दातेरी कपलर असतो. भांडे अडकले की मोटर जळू नये म्हणून आधी तो बिचारा तुटतो. तुटण्यासाठीच त्याचा जन्म! तो थोडक्या पैशांत मिळतो. कार्बन ब्रशही झिजण्यासाठीच असतात. खालचे लाल बटण उडाले असेल तर तेवढे दाबले की काम होते. ते माहीत नसल्यामुळे मिक्सर दुकानात घेऊन गेलेली एक बाई मी जाणते. (ती मीच.) मोटर जळाल्याचा वास आला तर मात्र खर्च मोठा. वायंडिंगला किती लागतील ते आधी विचारावे, आणि नव्याच्या निम्म्याहून जास्त सांगितले तर जुन्याचा मोह सोडावा. कुकरचेही तसेच. रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलत किती वर्षे काढली तरी चालतील. बूड फुगले की मात्र त्यावर जीव लावू नये. आणि इस्त्री, हीटर, गिझर यांचा अंगाला शॉक लागू लागला तर ओळखीच्या पोराकडून चिकटपट्टी लावून घेण्याची काटकसर कोणीही करू नये.

विजेचे म्हणाल तर आपण दिव्याखालीच राहतो, आणि दिव्याखाली काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये झाले. दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, २१० मेगावॉटचा. आज तिथली क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्या केंद्रावरही आपल्यासारखीच पाळी आली बरे का: सुरुवातीचे दोन संच तीस वर्षांच्या आसपास चालून बंद केले, आणि ५०० मेगावॉटचे दोन नवे उभे राहिले. राख आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर आणि वीज साऱ्या महाराष्ट्राला. उलट जंगलात, हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे डॉक्टर प्रकाश आणि मंदाताई आमटे यांनी विजेवाचून रोगी तपासले. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात वाट तुटते. तिथे एखादा पंखा बिघडला तर ‘कंपनीचा माणूस येईल’ म्हणून बसणाऱ्या बाईने कुणाची वाट पाहावी?

आपल्याकडचे एक यंत्र मात्र या साऱ्या भानगडीतून सुटले आहे, ते म्हणजे कूलर. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या गावात त्याच्यावाचून घर नाही. पत्र्याचा सांगाडा, एक पंखा, एक पंप आणि तीन बाजूंना ताट्या. सांगाडा इथलाच टिनवाला ठोकून देतो. होळी झाली की घरोघरी कूलर उघडतात, जुन्या ताट्या निघतात, वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुश्याच्या नव्या बसतात, गंजलेल्या टाकीला डांबर लागते. दहावीतला मुलगाही पंप बदलतो. पत्रा सडला तर तेवढा पत्रा. माझ्या घरचा कूलर २००३ सालचा म्हणतो, पण त्यातले २००३ सालचे नेमके काय उरले आहे, हे यजमानांनाही सांगता येणार नाही! तो इतका जगला, कारण त्याला कुलूप नाही.

आता माझी चूक. आमचा फ्रिज २००६ मध्ये घेतलेला, एका दाराचा. २०१७ च्या मे महिन्यात, भर दुपारी, तो थंड करीनासा झाला. आतला दिवा लागे, पण मागून दर दोन-चार मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येई आणि पुन्हा शांतता. दूध-भाजीचे सोडा, शेजारच्या काकूंचे इन्सुलिन आमच्याकडे ठेवलेले होते, त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. काकूंनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवले आणि मला म्हणाल्या, “तू घाबरू नको गं, मी गल्लीत दुसरीकडे ठेवीन.” पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मेकॅनिक आला. उभ्या उभ्या मागे बघितले आणि म्हणाला, “कॉम्प्रेसर गेला काकू. एवढा पैसा घालण्यापेक्षा नवा घ्या.” दुसऱ्याला दाखवावे असे यजमान म्हणाले. मी म्हटले, आता वाट बघायला वेळ नाही. त्याच संध्याकाळी सतरा हजारांचा फ्रिज बारा हप्त्यांवर घरात आला. जुना भंगारवाल्याने आठशेला नेला.

हप्ते जड गेले. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिचा गणिताचा वर्ग दोन महिने बंद ठेवावा लागला. ती काही बोलली नाही, म्हणून अधिकच लागले. दिवाळीनंतर बाजारातून येताना एका पानठेल्यावर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला एक फ्रिज मी पाहिला. दारावर पोपटाचे चित्र चिकटवलेले होते. ते माझ्या मुलीने तिसरीत असताना लावले होते, एक पंख फाटलेला. मी पानठेलेवाल्याला विचारले, “भाऊ, याला काय झाले होते?” तो म्हणाला, “काही नाही वहिनी, रिले गेला होता. चारशे रुपयांत झाले.” मी पाण्याची बाटली घेतली. चांगली गार होती.

तो ‘टक्’ आवाज म्हणजे कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा रिले फसत असल्याचा पुष्कळदा इशारा असतो, हे मला नंतर काकाजींनी सांगितले. कॉम्प्रेसर खरेच गेलेलाही असू शकतो, पण रिले बदलून पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये. पहिला मेकॅनिक खोटे बोलला की त्याला कळलेच नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मी त्याला फ्रिज उघडायला लावले नाही, एवढे मात्र खरे. आणि दुसरी बाजूही सांगते. नवा फ्रिज वीज कमी खातो. यंत्रांवर तारे छापण्याची पद्धत आपल्याकडे २००६ पासून आली, आणि काही वेळा तो हिशेब नव्याच्या बाजूने पडतो. जुना पंखा ७५ वॉटचा आणि हल्लीचा कमी विजेचा ३० वॉटचा. दिवसाला बारा तास चालवला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. आपल्याकडे पंखा आठ-नऊ महिने फिरतो. अशा वेळी जळलेला जुना पंखा पुन्हा पुन्हा वायंडिंग करून घेण्यात शहाणपण नाही. तीन पंख्यांपैकी दोन आम्ही असेच बदलले.

वस्तू लवकर मोडावी अशी कोणाची इच्छा असते का, असा प्रश्न मुलीने विचारला आणि तिनेच शोधून सांगितले. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हाला विजेचे दिवे करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या एकत्र बसल्या. त्या संघाचे नाव फीबस. त्याआधी दिवे दीड-दोन हजार तास चालत. या मंडळींनी ते हजार तासांवर आणायचे ठरवले, आणि ज्याचा दिवा जास्त जळे त्याला दंड! आणि गंमत अशी की अमेरिकेत लिव्हरमोर गावी अग्निशमन ठाण्यात १९०१ साली लावलेला एक दिवा शंभराहून अधिक वर्षे मिणमिणत राहिला.

आता जगभर लोकांना जाग येऊ लागली आहे. ॲमस्टरडॅमला २००९ मध्ये मार्टिने पोस्टमा नावाच्या बाईंनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केले. शेजारपाजारचे लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात, जाणते लोक त्यांच्यासोबत बसून उघडतात. आपल्या मंडळाच्या सभेसारखेच, फक्त चहाबरोबर पेचकस. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही यंत्रांवर ती दुरुस्त करणे किती सोपे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी संकेतस्थळ उघडले, आणि गुण देण्याच्या पद्धतीचा समितीचा अहवाल २०२५ मध्ये आला. विजेच्या कचऱ्याचे नियम तर २०१२ पासूनच लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांनी त्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. कारण त्यात शिसे, पारा अशी विषे असतात. घुटकाळ्याच्या बाजूला तारा जाळून तांबे काढणारी पोरे मी पाहते. कायदा त्यांच्यापर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

तर मंडळाच्या शिवणयंत्राचे. ते पायाने चालणारे आहे, म्हणून काही भगिनींना कमीपणाचे वाटते. पण वर्गाला येणाऱ्या मुलींपैकी काही जणी पलीकडच्या गावांतून येतात आणि तिकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मी अध्यक्षताईंच्या परवानगीने यंत्र घरी आणले. ते सध्या आमच्या ओसरीवर आहे. चामड्याचा पट्टा नवा घातला. वर्षानुवर्षांचे तेल आणि दोऱ्याचे बोळे रॉकेल लावून काढले. सुईपट्टी चरली होती ती बदलली. आतापर्यंत तीनशे चाळीस रुपये लागले, पावत्या खजिनदार ताईंकडे दिल्या आहेत. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते: शटल अजून अडते. पातळ कापडावर टाका सुरेख येतो, पण जाड कापडावर दर हातभर अंतराने एक टाका सुटतो. गोल बाजारात नवे शटल सांगून ठेवले आहे. तेही बसवून टाका सुटलाच, तर नवे यंत्र घेण्याला मी स्वतः हात वर करीन.

शटल बुधवारी मिळेल असे दुकानदाराने सांगितले आहे. दुपारी तीननंतर ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. येताना जाड कापडाचा, शक्यतो जुन्या सतरंजीचा, एखादा तुकडा आणावा.